रिंगा आणि कव्हर

जळालेल्या कॉलमवर हातोडी मारली की तो खरं काय ते सांगतो. आतलं काँक्रीट शाबूत असेल तर आवाज टणटणीत येतो आणि मनगटाला झिणझिण्या येतात. वरचा थर सुटलेला असेल तर फुटक्या माठासारखा भद्द आवाज येतो. तपासायला आता यंत्रं पुष्कळ आहेत, मीही ती वापरते, पण कुठल्याही जळक्या इमारतीत माझी पहिली फेरी हातोडीनंच होते. कान लावून, एकेका कॉलमला चारही बाजूंनी.

दोन वर्षांपूर्वी ठाणे जिल्ह्यात अशाच एका गोदामात गेले होते. कापडाच्या ताग्यांचं गोदाम. खालचा मजला आरसीसीचा, त्याच्या स्लॅबवर आणखी एक मजला चढवलेला आणि वर लोखंडी कैच्यांवर, म्हणजे सळया-अँगल जोडून केलेल्या सांगाड्यांवर, पत्र्याचं छप्पर. आग दीड दिवस धुमसत होती. सुदैवानं माणूस कुणी दगावलं नव्हतं. मी पोचले तेव्हा आग विझून चार दिवस झाले होते, तरी वरच्या मजल्यावर ताग्यांच्या ढिगात पाय ठेवला की बुटाच्या तळव्याला ऊब लागत होती.

वरच्या सगळ्या कैच्यांनी माना टाकल्या होत्या. दोरीवर ओलं लुगडं टाकल्यावर मधोमध झोळ पडतो तसा त्यांना झोळ पडला होता. खालचे आरसीसीचे कॉलम मात्र जागच्या जागी. काळे झालेले, कोपरे झडलेले, पण उभे. गोदामाचे मॅनेजर मला म्हणाले, "बघा ना मॅडम, लोखंड वितळलं आणि सिमेंट तसंच राहिलं."

लोखंड वितळलं नव्हतं. वितळायला त्याला १५०० अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि कापडाच्या, कागदाच्या, फर्निचरच्या आगीत तेवढी धग नसते. पण लोखंडाला मोडायला वितळावं लागतच नाही. गावातला लोहार कुठे लोखंड वितळवतो? तो ते भट्टीत लाल करतो, ऐरणीवर धरतो आणि मग हवं तसं वाकवतो. बांधकामाचं पोलाद ४०० अंशांपर्यंत आपली बहुतेक ताकद टिकवून असतं. ६०० अंशांना ती निम्म्याहून खाली येते आणि ७०० अंशांना जेमतेम पाव उरते. वजन तर तेवढंच असतं. त्यात कैचीच्या सळया आणि अँगल पातळ. पातळ तवा जसा चटकन तापतो तशा त्या चारी बाजूंनी तापतात आणि काही मिनिटांत आगीच्या तापमानाला पोचतात.

काँक्रीट मुळात मंद असतं. पोलादाच्या मानानं त्यातून उष्णता फारच सावकाश आत जाते. शिवाय कितीही जुनं झालं तरी त्याच्या पोटात पाणी असतं, थोडं छिद्रांत आणि थोडं सिमेंटच्या कणाकणांत बांधलेलं. आग लागली की आधी ते पाणी तापतं, उकळतं, वाफ होऊन बाहेर पडू बघतं, आणि तेवढा वेळ आत जाणारी उष्णता अडून राहते. आपल्या प्रमाणसंहितेत कॉलमच्या सळईवर ४० मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर सांगितलंय. अंगठ्याच्या दोन पेरांएवढं असेल नसेल. बाहेर ८००-९०० अंशांचा वणवा पेटलेला असताना आतल्या सळईला तासाच्या वर कामाचं ठेवणारं जे काही आहे, ते एवढंच.

याला दुसरी बाजूही आहे. वाफेला वाट मिळाली नाही तर तीच काँक्रीटच्या खपल्या उडवते. आग लागलेल्या इमारतीत फटाक्यांसारखे आवाज आले असं लोक सांगतात ना, त्यातले काही या खपल्यांचे असतात. कव्हर उडालं की सळई उघडी पडते, आणि उघडी सळई म्हणजे शेवटी लोखंडच.

त्या गोदामात हे सगळं एकाच मजल्यावर शेजारी शेजारी बघायला मिळालं. ज्या कॉलमना कव्हर नीट होतं त्यांचे कोपरे झडले होते, पण झडलेल्या ठिकाणी खरवडल्यावर आत सळई सरळ आणि काँक्रीटला धरून होती. पूर्वेच्या कोपऱ्यात एक कॉलम होता, त्याच्या एका अंगाला कव्हर जवळजवळ नव्हतंच. ओततानाच सळयांचा पिंजरा एका बाजूला सरकलेला असणार. तिथे दोन सळया धनुष्यासारख्या बाहेर फुगल्या होत्या. आणि त्यांना बांधणाऱ्या रिंगा उघडल्या होत्या. रिंगेची टोकं काटकोनात वळवून सोडून दिलेली, त्यामुळे कव्हर झडताच धरायला काही उरलं नाही, टोक सुटलं, रिंग ढिली झाली, सळई फुगली. हेच टोक आणखी वळवून कॉलमच्या पोटात रोवलेलं असतं, १३५ अंशांत, तर बाहेरचं सगळं झडूनही रिंग सुटली नसती. भूकंपासाठीच्या संहितेत हा १३५ अंशांचा आकडा फार वर्षांपासून आहे. वळवायला एका टोकाला तीन-चार सेकंद जास्त लागतात. मजुरीवर काम करणाऱ्या माणसाला दिवसभरात अशा शेकडो रिंगा वळवायच्या असतात, म्हणून तो ते सेकंद वाचवतो, आणि वर बघणारं कुणी नसलं की ते वाचतातही.

त्या कॉलमसमोर उभी असताना मला एकदम एक फोटो आठवला. पेंटॅगॉनच्या, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयाच्या, आतल्या एका कॉलमचा.

११ सप्टेंबर म्हटलं की सगळ्यांना न्यूयॉर्कचे दोन टॉवर आठवतात. त्याच सकाळी ९ वाजून ३७ मिनिटांनी वॉशिंग्टनजवळ पेंटॅगॉनच्या पश्चिम बाजूवर बोइंग ७५७ जातीचं विमान आदळलं. वजन ८० टनांच्या आसपास, वेग ताशी साडेआठशे किलोमीटर, जमिनीला जवळजवळ घासत. विमानातले आणि इमारतीतले मिळून १८४ निरपराध लोक गेले. अमेरिकन सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेनं २००३ मध्ये या इमारतीच्या वागणुकीवर अहवाल काढला. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा नोकरीला लागून तीनच वर्षं झाली होती. आजवर किती वेळा वाचला याची गणती नाही.

पेंटॅगॉनचं काम सुरू झालं तो दिवसही योगायोगानं ११ सप्टेंबरच होता, १९४१ चा. युद्ध चालू होतं आणि पोलाद जहाजांना, रणगाड्यांना हवं होतं. म्हणून एवढी अजस्र इमारत आरसीसीत बांधली, पोटोमॅक नदीतली वाळू आणि खडी उपसून. वर-खाली जायला लिफ्टऐवजी उतार केले, तेही लोखंड वाचावं म्हणून. अवघ्या १६ महिन्यांत पाच मजली इमारत पुरी झाली. तुटपुंज्या लोखंडात घाईनं उभी केलेली इमारत म्हटलं की आपल्या मनात शंका येते. पण ज्यांनी ती काढली त्यांनी दोन-तीन गोष्टींत हात आखडता घेतला नव्हता. ऑफिससाठी लागतं त्याहून कितीतरी जास्त वजन प्रत्येक मजल्यावर धरलं होतं. कॉलम जवळ जवळ होते. बीममधल्या सळया आधारापाशी न तोडता पुढच्या गाळ्यात नेल्या होत्या, त्यामुळे एखादा आधार गेला तरी बीम दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना धरून लोंबकळू शकत होता. आणि कॉलमच्या उभ्या सळयांभोवती सुट्या रिंगा नव्हत्या, एकच सळई मळसूत्रासारखी गुंडाळत वरपर्यंत नेली होती.

तो फोटो अशाच एका कॉलमचा. विमानाच्या अवशेषांचा लोंढा त्याच्यावरून गेलाय. बाहेरचं सगळं कव्हर सोलून निघालंय, कॉलम मधे बाक येऊन वाकलाय, वाऱ्यानं ऊस वाकावा तसा. पण त्या गुंडाळलेल्या सळईच्या, म्हणजे स्पायरलच्या, आतलं काँक्रीट जागेवर आहे. एकसंध. वळशांचे व्रण अंगावर घेऊन ते तसंच उभं आहे.

काँक्रीट दाबाला दणकट आणि ताणाला कच्चं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. पण दाबानंही ते मरतं कसं? वरून भार आला की ते बाजूंना फुगतं, उभे तडे जातात, आणि तड्यांतून तुकडे सुटायला लागले की संपलं. त्याला सगळीकडून आवळून धरलं तर फुगायला जागा मिळत नाही. भरलेल्या पोत्यातल्या धान्यासारखं. दाणे सुटे असतात, तरी पोतं घट्ट शिवलेलं असेल तर त्यावर दुसरं पोतं ठेवता येतं, त्यावर तिसरं. शिवण उसवली की थप्पी कोसळते. स्पायरल ही ती शिवण. आवळलेलं काँक्रीट जास्त भार घेतं हे तर आहेच, पण ते वाकल्यावर, चिरल्यावर, निम्मं सोलल्यावरसुद्धा एकदम हात सोडत नाही.

तळमजल्यावरचे पन्नासएक कॉलम त्या सकाळी तुटले किंवा जबर जखमी झाले. तरी वरचे मजले तत्क्षणी कोसळले नाहीत. धडकेच्या जागेवरचा एक मर्यादित पट्टाच पडला, आणि तोही वीस-तीस मिनिटं आगीत उभा राहून. तेवढ्या वेळात वरच्या मजल्यांवरची माणसं बाहेर पडली. अहवालाची भाषा कोरडी आहे, तशीच असायला हवी. पण त्या वीस-तीस मिनिटांपाशी मी दर वेळी थांबते. कुणी धुरात भिंत चाचपडत गेलं असेल, कुणी मागे वळून दुसऱ्याला हाक मारली असेल. त्यांच्या पायाखालचा स्लॅब तेव्हा, साठ वर्षांपूर्वी कुणीतरी गुंडाळलेल्या सळईच्या जोरावर तरला होता.

इमारतीवर विमान आदळतं तेव्हा नेमकं काय होतं, याचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो होर्हे रिएरा यांनी, १९६८ मध्ये, अणुभट्ट्यांच्या संदर्भात. विमान म्हणजे एक सलग घट्ट गोळा नव्हे. पातळ अॅल्युमिनियमची पोकळ नळी, तिच्यात इंधन, माणसं, सामान, आणि दोन-चार खरोखर कठीण वस्तू, म्हणजे इंजिनं आणि चाकांची जोडणी. रिएरांनी सांगितलं की भिंतीवर येणाऱ्या जोराचे दोन भाग करा. विमानाचा सांगाडा चुरडायला लागणारा जोर हा एक, आणि तो लहान असतो. मोठा जोर येतो मागून येऊन थांबणाऱ्या वस्तुमानाचा, आणि तो वेगाच्या वर्गानं वाढतो. पाइपमधून भिंतीवर पाण्याचा फवारा सोडावा तसं. वेग दुप्पट झाला की मार चौपट.

हा हिशेब ताडून बघायला १९८८ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत एक खरं फँटम लढाऊ विमान रॉकेटच्या गाड्यावर बसवून ताशी पावणेआठशे किलोमीटरच्या वेगानं काँक्रीटच्या ठोकळ्यावर सोडलं. ठोकळ्याची जाडी साडेतीन मीटरहून जास्त. त्याची चित्रफीत पुष्कळांनी पाहिलेली असते. विमान पुढून मागे अक्षरशः धूळ होत जातं आणि ठोकळ्यावर सर्वांत खोल खड्डा पडतो तो इंजिनांच्या जागी, जेमतेम सहा सेंटीमीटर. हे बघून लोक म्हणतात, काँक्रीटपुढे विमान काहीच नाही. असं म्हणू नये. साडेतीन मीटरच्या भिंतीत कुणी राहत नाही. तो प्रयोग मार मोजण्यासाठी होता, घरं कशी बांधावीत हे सांगण्यासाठी नव्हता.

माझी आई घाटकोपरला राहते. मुंबईच्या विमानतळाकडे उतरणारी विमानं तिच्या गच्चीवरून जातात, दुपारची झोप त्यांच्या आवाजातच होते. २०२५ च्या १२ जूनला अहमदाबादमध्ये एअर इंडियाचं ड्रीमलायनर उडाल्या उडाल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जीव गेले. दुपारच्या जेवणाची वेळ होती. मेसमधल्या टेबलांवर तशीच राहिलेली ताटं सगळ्या देशानं पाहिली. त्या रात्री आईनं फोनवर विचारलं, "आपल्या बिल्डिंगवर पडलं असतं तर गं? टिकली असती?"

मी तिला खोटं सांगितलं नाही. कुठलंही राहतं घर विमानासाठी डिझाइन केलेलं नसतं आणि कुणी करूही शकत नाही. पण आईचा प्रश्न मनात बसला तो दुसऱ्याच कारणानं. तिनं विचारलं होतं टिकेल का. आम्ही इंजिनिअर मंडळी खरं म्हणजे विचारतो, किती वेळ टिकेल.

१९४५ च्या २८ जुलैला न्यूयॉर्कमध्ये दाट धुकं होतं. शनिवार सकाळ. बी-२५ जातीचं बाँबफेकी विमान वाट चुकून एम्पायर स्टेट इमारतीच्या ७८ ते ८० व्या मजल्यांच्या पट्ट्यात घुसलं. चौदा लोक गेले. एक इंजिन इमारतीच्या आरपार जाऊन पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर पडलं. पण रिव्हेटांनी जोडलेला, दगडी बांधकामात लपेटलेला तो जाडजूड सांगाडा हलला नाही, आग चाळीसएक मिनिटांत आटोक्यात आली आणि सोमवारी बरेचसे मजले कामाला उघडले. या गोष्टीवरून उंच इमारती विमान झेलतात असा समज पुढे पक्का होत गेला. ते विमान १० टनांच्या आसपासचं, वेग ताशी ३०० किलोमीटरच्या थोडा वर. २००१ मध्ये उत्तरेच्या टॉवरवर आदळलेलं ७६७ जवळपास १२८ टनांचं, ताशी ७०० किलोमीटरच्या वर. अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग हा शाळेतला हिशेब केला तरी आदळणारी ऊर्जा साठपट भरते.

आणि तरी, धडक त्या टॉवरांनी झेलली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि ते फार कमी बोललं जातं. प्रत्येक बाजूला ५९ पोलादी कॉलम, एकमेकांपासून मीटरभर अंतरावर, जणू गजांची जाळीच. उत्तरेच्या टॉवरचे बाहेरचे ३५ कॉलम आणि गाभ्यातले ६ तुटले. तुटलेल्यांचा भार शेजाऱ्यांनी वाटून घेतला आणि इमारत डुलून पुन्हा सरळ उभी राहिली. ती १०२ मिनिटं उभी होती. दक्षिणेची ५६ मिनिटं.

मग त्यांना पाडलं ते कशानं, हे शोधायला अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेला तीन वर्षं लागली. विमानातलं इंधन काही मिनिटांत जळून गेलं होतं. त्यानं केलं ते एवढंच, की अनेक मजल्यांवर एकदम काडी लावली. पुढे जळत राहिले ते कागद, टेबलं, गालिचे, म्हणजे कुठल्याही ऑफिसात असतं तेच. अशा आगीसाठी पोलादावर उष्णतारोधक लेप फवारलेला असतो, खनिज तंतूंचा, भुसभुशीत, बोटानं खरवडला तरी निघेल असा. धडकेच्या मजल्यांवर अवशेषांच्या माऱ्यानं तो उडून गेला होता. संस्थेचा निष्कर्ष असा की हा लेप जागेवर राहिला असता तर धडक आणि आग दोन्ही सोसूनही टॉवर बहुधा उभे राहिले असते.

टॉवरचे मजले कशावर तोललेले होते? कैच्यांवर. गाभ्यापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत, लांबातल्या लांब १८ मीटर, आणि त्यांच्या तिरक्या सळया अंगठ्याएवढ्या जाड. लेप गेला, कैच्या तापल्या, झोळ पडला. झोळ पडलेली कैची भिंतीला धरून असते, म्हणून ती भिंतीलाच आत ओढते. कोसळण्याआधी काही मिनिटं बाहेरचे कॉलम मीटरभराहून जास्त आत ओढले गेल्याचे फोटो आहेत. आधीच जादा भार वाहणारा कॉलम असा वाकला की मग त्याला कुणी वाचवू शकत नाही.

ठाण्याच्या गोदामात मी कैच्यांच्या टोकांशी शिडी लावून चढले होते. पत्र्याच्या छपराखाली भिंतीवर काढलेले आरसीसीचे आखूड खांब होते, कैच्या त्यांच्यावर टेकलेल्या. ओळंबा सोडला. ज्या ज्या खांबावर कैची घट्ट बोल्ट केलेली होती तो खांब बोटभर आत झुकला होता. जिथे बोल्ट तुटून कैची खाली घसरली होती तिथला खांब सरळ. शिडीवर तोल सावरत मी ते मोजमाप वहीत लिहिलं आणि मला पुढचं काही सुचेना. टॉवरांच्या अहवालात पंधरा वर्षं वाचत आलेली ओळ समोर भिंतीवर लिहिलेली दिसत होती.

माद्रिदमध्ये २००५ च्या फेब्रुवारीत विंडसर टॉवर रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही जळत राहिला. ३२ मजले. गाभा आणि स्लॅब काँक्रीटचे, बाहेरच्या कडेचे कॉलम पोलादी आणि मूळचे बिनलेपाचे. त्यांना आगीपासून झाकायचं काम तेव्हा चालूच होतं आणि खालून सतराव्या मजल्यापर्यंत आलं होतं. सतराव्याच्या वरची कड कोसळली. खालची, झाकलेली, बहुतेक तशीच राहिली. काँक्रीटचा गाभा शेवटपर्यंत उभा होता. कुणाचा जीव गेला नाही. एकाच इमारतीत, एकाच आगीत, काम पोचलेलं आणि न पोचलेलं यांच्यामधली रेघ इतकी स्पष्ट मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

आपल्याकडे मंत्रालय जळलं ते २१ जून २०१२ ला. चौथ्या मजल्यावर सुरू झालेली आग वर पसरली. पाच माणसं गेली. फायलींचे ढीग, फॉल्स सीलिंग, लाकडी पार्टिशनं, जळायला हवं ते सगळं तिथे होतं. १९५५ सालचा तो आरसीसीचा सांगाडा मात्र उभा राहिला, आणि दुरुस्त होऊन आजही राज्याचा कारभार त्याच इमारतीतून चालतो. ते काँक्रीट ज्यांनी ओतलं, पाणी मारून ज्यांनी ते पिकवलं, त्यांची नावं कुठल्याही फायलीत नव्हती, जळालेल्याही नाही. पण पाच माणसं गेली हेही तितकंच खरं, आणि सांगाडा उभा राहिला म्हणून ते हलकं होत नाही. माणसाला बाहेर पडायला वाट लागते. न्यूयॉर्कच्या टॉवरांमध्ये जिन्यांच्या भिंती जिप्समच्या फळ्यांच्या होत्या. उत्तरेच्या टॉवरात तिन्ही जिने तुटले आणि धडकेच्या वर असलेलं एकही माणूस सुटलं नाही. दक्षिणेच्या टॉवरात एक जिना काही काळ वाचला, त्यावरून धडकेच्या आणि त्याहून वरच्या मजल्यांवरची १८ माणसं खाली आली. तिथे आता उभ्या असलेल्या नव्या टॉवरचा गाभा जाड आरसीसीचा आहे आणि जिने त्या गाभ्यात आहेत.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. माझ्या पहिल्या नोकरीत, एका सात मजली इमारतीच्या पाचव्या मजल्याचे कॉलम भरायचे होते. संध्याकाळ झालेली, पावसाची चिन्हं, काँक्रीटची गाडी दारात. कव्हर ब्लॉक संपले होते. सळई आणि फळीच्या मधे खडीचे तुकडे ठोकून अंतर ठेवलं होतं, आणि ते तुकडे ओतताना निसटतात हे मला माहीत होतं. तरी मी वहीवर सही केली. मला थांबवणारं एकच माणूस तिथे होतं. आमचे सळया बांधणारे फिटर अण्णा, बार्शीकडचे, वयानं माझ्या वडिलांएवढे. ते म्हणाले, "ताई, उद्या भरू. गाडी परत जाऊ दे." मी ऐकलं नाही. इमारतीत आता बिऱ्हाडं आहेत, गॅलऱ्यांत तुळशी आहेत. त्या रस्त्यानं जाताना मी पाचव्या मजल्याकडे बघते. कुठल्या कॉलममध्ये काय निसटलं हे मला कधीच कळणार नाही.

गोदामाचं काम पुरं झालं. सुटलेलं काँक्रीट काढून कॉलमभोवती नवा पिंजरा बांधला, रिंगांची टोकं १३५ अंशांत आत वळवून, आणि नवं जॅकेट ओतलं. ते काम चालू असताना प्रत्येक रिंग मी स्वतः बघितली. तिथल्या पोरांनी मला नावं ठेवली असतील.

त्यानंतर अण्णांच्या नातीच्या लग्नाला बार्शीला गेले. अण्णांनी काम सोडून आठ-नऊ वर्षं झाली. बोटांची पेरं सळया वाकवून वाकवून कायमची जाड झालेली. जेवणं झाल्यावर मांडवात खुर्च्या ओढून बसलो. पिशवीत अहवालाच्या त्या पानाची छापील प्रत होती, ती काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा वर ढकलून कागद उजेडाकडे नेला.

"वाकलाय की हा."

"विमान गेलंय अण्णा त्याच्यावरून."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रिंगा जवळ जवळ आहेत. आणि सुटलेल्या नाहीत."

"रिंगा नाहीत त्या. एकच सळई आहे, गुंडाळत वर नेलेली."

"म्हणजे टोकच नाही." त्यांनी मान डोलावली. "टोक नाही तर सुटंल कुठनं?" थोड्या वेळानं विचारलं, "वरची माणसं?"

"पुष्कळ जण बाहेर पडले. वीस-तीस मिनिटं मिळाली त्यांना."

"बांधून किती वर्षं झालेली?"

"साठ."

मांडवात कुणीतरी त्यांना हाक मारत होतं, आहेराचं काहीतरी होतं. अण्णांनी हातानंच थांबा म्हटलं, कागद गुडघ्यावर सपाट केला आणि अंगठ्याच्या नखानं खालून वर एकेक वळसा मोजायला लागले.